डाऊन सिंड्रोम असलेलं मूल दात खात असेल तर: नाइट गार्ड आणायच्या आधी काय काय बघायचं

आमच्या लेकीला डाऊन सिंड्रोम आहे, ती आता ११ वर्षांची आहे आणि साधारण तिसऱ्या वर्षापासून दात खाते. रात्री तर खायचीच, दिवसा पण टीव्ही बघताना, रिक्षात बसल्यावर, घरी पाहुणे आले की करकर करकर सुरू. ज्यांच्या घरात हा आवाज आहे त्यांना वेगळं सांगायला नको, शेजारच्या खोलीतल्या माणसाला जाग येते आणि आईच्या अंगावर काटा येतो. घरात जो तो आपापलं सांगायचा. सासूबाई म्हणायच्या पोटात जंत झालेत, नणंद म्हणायची पोरगी मनात राग धरून दातओठ खाते, आणि मी रात्री बारा वाजता मोबाईलवर नाइट गार्ड, म्हणजे दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून रात्री दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कव्हर, शोधत बसायचे.

आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं. तोंडात घालायची वस्तू आधी आणली आणि पोर दात का खाते हे शोधायला नंतर गेलो, त्यात तिची चांगली झोपेची दोन वर्षं गेली असं मला आजही वाटतं. तुमचा क्रम सरळ लागावा म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं आणि डोस इथे सांगणार नाही, पण कुणाकडे जाऊन काय विचारायचं ते नक्की सांगते.

१. आधी टॉर्च घेऊन दात बघा

आपल्या मुलांमध्ये दात खाणं खूप कॉमन आहे, त्यामुळे लगेच घाबरू नका. त्यांचे स्नायू सैल असतात, जबड्याचा सांधा सैल असतो, वरचा जबडा लहान असतो. दात उशिरा येतात, कधी कधी पहिला दात यायलाच दीड-दोन वर्षं लागतात, आणि येतात ते पण भलत्याच क्रमाने, काही येतच नाहीत. मग वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. शिवाय काही मुलांना तो दाब, तो आवाज बरा वाटतो, मनाला शांत करतो. म्हणजे कारण एकच असेल असं नाही, दोन-तीन मिळून असतात.

रविवारी सकाळी, मूल खुशीत असताना, खिडकीपाशी बसवून टॉर्चने बघा. पुढच्या दातांच्या कडा सपाट झाल्यात का, दाढांची टोकं गेलीत का, मधला पिवळसर भाग दिसतोय का, कुठे टवका उडालाय का, गालाच्या आतून चावल्याची पांढरी रेघ आहे का. हिरड्यांतून रक्त येतंय का हे पण बघा, हे फार महत्त्वाचं आहे. आपल्या मुलांचे दात किडण्याचं प्रमाण तसं कमी असतं म्हणून आपण निश्चिंत राहतो, पण हिरड्यांचा आजार मात्र लवकर आणि जोरात होतो, आणि बऱ्याच मुलांच्या दातांची मुळं मुळातच आखूड असतात. त्यात रोज रात्री घासणं चालू राहिलं की पक्का दात हलायला लागतो. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तीन महिन्यांनी त्याच जागी त्याच उजेडात परत काढा. झीज वाढतेय की तिथेच आहे हे फोटोत लगेच कळतं.

दुधाचे दात थोडे सपाट झालेत, मूल खातंय-पितंय, दुखत नाहीये, तर डेंटिस्ट बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवायला सांगतात. पक्के दात झिजायला लागले की गोष्ट वेगळी.

२. दोन आठवडे वही ठेवा

साधी शंभर पानी वही घ्या. दात कधी खाल्ले, तेव्हा काय चाललं होतं, आदल्या रात्री झोप कशी झाली, जेवण काय, शी झाली का, नवीन औषध चालू झालं का. एवढंच. रोज दोन ओळी.

आम्हाला वहीतूनच कळलं की गणपतीच्या दहा दिवसांत तिचं दिवसा दात खाणं दुप्पट होतं. आम्ही समजत होतो पोरगी एक्साइट होते, पण ती ढोल-ताशाच्या आवाजाने गांगरायची आणि बोलून सांगता येत नव्हतं. कान झाकायचे हेडफोन आणले, मिरवणूक खालून न बघता तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघायला लागलो, बराच फरक पडला. म्हणून दात खाल्ले की ओरडू नका, हातावर मारू नका, ते काहीतरी सांगत असतात.

रात्रीचा व्हिडिओ पण काढा. झोप लागल्यावर एक तासाने दहा मिनिटं आणि पहाटे दहा मिनिटं, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा. तुम्ही तोंडी कितीही सांगा, व्हिडिओ दाखवला की डॉक्टरांना एका मिनिटात कळतं.

३. कुठे दुखतंय का ते शोधा

आपली मुलं दुखणं बोटाने दाखवत नाहीत, खूप सहन करतात. त्यामुळे दात खाणं अचानक वाढलं तर आधी दुखणं शोधायचं.

कान: यांच्या कानाची नळी अरुंद असते, आत मळ साठतो, पडद्यामागे पाणी साठतं. ईएनटीकडे कान साफ करून तपासून घ्या, ऐकण्याची टेस्ट पण करून घ्या.

दात: नवीन दाढ येतेय का, कीड आहे का, हिरडी सुजलीय का.

पोट: बद्धकोष्ठता आणि ॲसिडिटी, म्हणजे जठरातलं आंबट पाणी वर येणं. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. वर आलेल्या ॲसिडने दाताचं आवरण मऊ पडतं आणि त्यावर घासलं की झीज भराभर होते. तोंडाला आंबट वास, रात्री खोकला, जेवल्यावर सारखं गिळणं, असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

जंतांचं काय ते पण सांगते, कारण प्रत्येक घरात हाच पहिला उपाय असतो. जंताची गोळी शाळेत-अंगणवाडीत देतात ती जरूर द्या, ती वेगळ्या कारणासाठी चांगलीच आहे. पण गोळी दिली, आता दात खाणं थांबेल, असं धरून बसू नका. आम्ही तीन वेळा दिली, करकर तशीच.

औषधं: मोठ्या मुलांना डिप्रेशन, चिंता किंवा चंचलपणासाठी गोळ्या चालू असतील तर त्यातल्या काही गोळ्यांनी दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं. गोळी मनाने बंद करायची नाही हं, ज्यांनी दिली त्यांनाच विचारायचं. थायरॉइड दरवर्षी तपासतच असाल, नसाल तर तेही करा.

४. झोप आणि श्वास, ही पायरी गाळू नका

सगळ्यात जास्त कळकळीने मी हेच सांगेन. डाऊन सिंड्रोममध्ये झोपेत श्वास अडकणं, म्हणजे स्लीप ॲप्निया, खूप जास्त दिसतो. घसा अरुंद, जीभ मानाने मोठी, स्नायू सैल, वर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेले. श्वास अडकला की मेंदू अर्धवट जागा होतो, जबडा हलतो, आणि काही मुलांमध्ये दात खाणं याच्याशीच जोडलेलं असतं. म्हणजे आपण आवाज बंद करायच्या मागे असतो आणि तिकडे पोराला हवा कमी पडत असते.

काय बघायचं: घोरणं, मधेच श्वास थांबून धापकन सुरू होणं, तोंड उघडं, मान मागे टाकून झोपणं, किंवा बसून पुढे वाकून, पायांवर डोकं ठेवून झोपणं. आमची लेक अशी घडी घालून झोपायची, आम्हाला वाटायचं किती गोड, लवचिक आहे. ते गोड नव्हतं, ती श्वासासाठी जागा शोधत होती. शिवाय खूप घाम, अंथरुण ओलं होणं, सकाळी चिडचिड, दिवसा पेंगणं.

आणि एक लक्षात ठेवा, घोरत नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही. आई-बापाच्या अंदाजावरून हे कळत नाही, म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर वायरी लावून झोप आणि श्वास मोजायची तपासणी, ४ वर्षांच्या आत करावी, लक्षणं असोत वा नसोत. आमची सातव्या वर्षी झाली. पुण्यात मोठ्या हॉस्पिटलांमध्ये होते, फोन करून आधी विचारा की लहान मुलांची करता का, आई शेजारी झोपली तर चालेल का. जायच्या आधी आठवडाभर घरी कपाळाला, बोटाला, छातीला कागदी चिकटपट्टी लावून खेळ करा, नाहीतर तिथे वायरी लावल्या लावल्या उपटून टाकतात.

आमच्या लेकीचा ॲप्निया निघाला, आठव्या वर्षी टॉन्सिल-ॲडेनॉइडचं ऑपरेशन झालं आणि रात्रीचं दात खाणं निम्म्याहून कमी झालं. प्रत्येकाचं होईल असं नाही. आणि ऑपरेशननंतरही आपल्या मुलांमध्ये ॲप्निया थोडा उरतो बऱ्याचदा, म्हणून परत स्लीप स्टडी करायची असते, ती करा. काहींना रात्री हवेच्या दाबाचं मशीन लागतं.

५. डेंटिस्टकडे जायची फाईल

एक प्लास्टिकची फाईल करा आणि ती घरात एकाच जागी ठेवा. त्यात हे हवं:

- डाऊन सिंड्रोमचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी, ॲलर्जी असेल तर मोठ्या अक्षरात
- शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट, हृदयाचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड
- कार्डिओलॉजिस्टचं पत्र (खाली सांगते)
- थायरॉइड आणि रक्ताचे अलीकडचे रिपोर्ट
- स्लीप स्टडीचा रिपोर्ट, मानेचा एक्स-रे काढला असेल तर तो
- तुमची वही, दातांचे फोटो, रात्रीचा व्हिडिओ
- आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), निरामयचं कार्ड

कार्डिओलॉजिस्टच्या पत्राबद्दल. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. हिरडीतून रक्त येईल असं काम करताना काहींना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊन इन्फेक्शन होऊ शकतं. पण सगळ्यांना लागत नाही. म्हणून अंदाजावर सोडू नका, ‘दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक हवं की नको’ एवढा एकच प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या. आमच्या लेकीचं ऑपरेशन ती ८ महिन्यांची असताना झालंय, तिला आता लागत नाही असं पत्रात लिहिलंय, त्यामुळे दर वेळी नवा वाद होत नाही.

यूडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर ऑनलाइन अर्ज भरून पुण्यात ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. निरामय ही केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विम्याची योजना, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे आणि ओपीडीच्या खर्चात दातांची प्रतिबंधात्मक तपासणी पण धरलेली आहे. बिलं जपून ठेवा, ओरिजिनल.

६. कुणाकडे जायचं आणि पहिली भेट कशी करायची

लहान मुलांचे डेंटिस्ट, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, यांच्याकडे जा. स्पेशल मुलांसोबत काम करायचं ट्रेनिंग त्यांना असतं. खर्चाचा प्रश्न असेल तर पुण्यातली डेंटल कॉलेजं बघा, धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगाव बुद्रुकला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. वेळ जास्त जातो, केसपेपर काढा, थांबा, आधी शिकणारे डॉक्टर बघतात मग सर-मॅडम येतात, तेव्हा डबा-पाणी-खेळणं घेऊनच जा.

अपॉइंटमेंट सकाळची पहिली मागा. पहिल्या भेटीत काहीच काम करायचं नाही असं आधीच सांगा. खुर्चीत बसणं, खुर्ची वर-खाली, आरसा हातात घेणं, बोटाने दात मोजणं, टाटा. दुसऱ्या भेटीत थोडं पुढे. आम्हाला चार भेटी लागल्या.

एक मोठा ट्रॅप इथे आहे. एका क्लिनिकमध्ये ‘पटकन होईल’ म्हणून दोन जणांनी तिचे हात-पाय धरले आणि माप घ्यायचा प्रयत्न केला. काम तर झालं नाहीच, वर्षभर ती कुठल्याही पांढऱ्या कोटाला बघून रडायची. आणि फक्त भीतीचा प्रश्न नाही, मानेचा पण आहे. आपल्या काही मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, मान जोरात मागे ढकलली किंवा पिळली तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. एक्स-रे ठीक असला तरी सांभाळायचंच. खुर्ची पूर्ण आडवी न करता अर्धवट कललेली ठेवा, मानेखाली छोटी उशी किंवा टॉवेलची गुंडाळी ठेवा, डोकं सरळ राहू द्या. अर्धवट बसलं की श्वास पण मोकळा राहतो आणि लाळ घशात जात नाही. हे तुम्ही डॉक्टरांना बिनधास्त सांगा, चांगला डॉक्टर रागावत नाही.

७. नाइट गार्ड: कधी, कुठला, आणि कधी अजिबात नाही

आता आमची चूक. ती ६ वर्षांची असताना मी ऑनलाइन गार्ड मागवला, गरम पाण्यात टाकून मऊ करायचा आणि चावून बसवायचा तो. दोन रात्री कसाबसा ठेवला, तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गार्डचा एक कोपरा गायब. चावून तोडला होता. धावत हॉस्पिटलमध्ये गेलो, एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की असं प्लास्टिक एक्स-रेत बहुतेक दिसतच नाही, त्यामुळे दिसलं नाही म्हणजे गिळलं नाही असं म्हणता येत नाही. दिवसभर तिच्या श्वासाकडे बघत बसलो. संध्याकाळी तुकडा उशीच्या अभ्र्यात सापडला. तो दिवस मी विसरणार नाही.

त्यामुळे: उकळून बसवायचा गार्ड आपल्या मुलांना नको. मऊ असतो, चावून तुटतो, सैल बसतो, आणि गिळण्याची ताकद कमी असलेल्या मुलाच्या घशात तुकडा जाणं म्हणजे काय ते सांगायला नको.

डेंटिस्टने माप घेऊन बनवलेला गार्ड पण सगळ्यांना नाही. आधी स्वतःला विचारा, मूल तोंडातली वस्तू स्वतः काढू शकतं का? गुदमरलं तर उठून सांगू शकतं का? फिट येतात का? रात्री उलटी होते का? यात गडबड असेल तर गार्डचा फायदा कमी आणि धोका जास्त. दुधाचे दात पडतायत आणि पक्के येतायत अशा वयात तर गार्ड चार महिन्यांत बसेनासा होतो, जबरदस्तीने बसवला तर येणाऱ्या दाताला अडवतो. आणि ॲप्निया असेल तर काही जणांचा श्वासाचा त्रास गार्डने वाढू शकतो, म्हणून स्लीप स्टडी आधी, गार्ड नंतर.

मोठ्या मुलाला, सगळे पक्के दात आलेत, झीज चालू आहे, आणि तो वस्तू ठेवून घेतो, अशा वेळी डॉक्टर गार्ड सुचवतील. मग हे विचारा: एका तुकड्याचा, जाड, तार किंवा छोटे पार्ट नसलेला करता येईल का, उठून दिसेल असा रंग देता येईल का (पारदर्शक तुकडा चादरीत सापडत नाही). माप घेताना मूल ताठ बसलेलं आणि थोडं पुढे झुकलेलं हवं, नाहीतर ओकारी येते. तोंड स्कॅन करायचं मशीन असेल तर तो चिकट लगदा तोंडात घालावाच लागत नाही.

घरी सुरुवात दिवसा करा, तुमच्या नजरेसमोर पाच मिनिटं, मग दहा, मग दुपारची झोप. रोज सकाळी गार्ड हातात घेऊन बघायचा, चीर, टवका, पातळ झालेली जागा. काहीही दिसलं की त्या रात्रीपासून बंद. साध्या पाण्याने ब्रशने धुवा, उकळतं पाणी नको, वाकडा होतो.

गार्डशिवाय पण उपाय आहेत. खूप झिजलेल्या दुधाच्या दाढांवर स्टीलची टोपी बसवतात, पक्क्या दातांना भरणी करून आकार देतात. आमच्या लेकीच्या दोन दाढांना टोप्या बसवल्या होत्या, गार्ड आजपर्यंत लागलेला नाही.

८. घरी रोजचं

ब्रश दोन वेळा, मऊ, लहान डोक्याचा, आणि शेवटचा हात मोठ्या माणसाचाच, मूल १५ वर्षांचं असलं तरी. फ्लोराइड असलेली पेस्ट, ३ वर्षांच्या आत तांदळाएवढी, नंतर वाटाण्याएवढी. खरखरीत दंतमंजन, कोळशाची पूड, मीठ लावून घासणं बंद. मिश्री तर घरात कुणीच लावू नये. झिजलेल्या दातावर खरखरीत काही घासलं तर उरलेलं आवरण पण जातं.

आंबट पण जपून. चिंच, लिंबू, कोकम सरबत, कोल्ड्रिंक घोट घोट पीत बसणं नको, जेवणाबरोबर दिलं आणि वर पाणी पाजलं की झालं. उलटी झाली किंवा आंबट पाणी वर आलं तर लगेच ब्रश करू नका, चूळ भरायला लावा, अर्ध्या तासाने घासा.

दिवसाच्या दात खाण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारा. चावायच्या जाड नळ्या मिळतात, जबड्याला हवा तो दाब मिळतो आणि दात वाचतात. मुलाच्या चावायच्या ताकदीनुसार त्यांनीच निवडून द्यावी, आणि तुकडा पडायला लागला की फेकून द्यायची. त्याऐवजी शेंगदाणे, चणे, चिक्कीचे तुकडे हातात देऊ नका, ठसका लागतो.

झोपायच्या आधी एक तास टीव्ही-मोबाईल बंद, गालांवरून हलका हात, तीच गोष्ट, तोच दिवा. मूल झोपावं म्हणून खोकल्याचं किंवा सर्दीचं गुंगी आणणारं औषध कधीही नाही, ॲप्नियात ते धोक्याचं आहे. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांचं आणि दात खाणं कमी व्हावं म्हणून जबड्याच्या स्नायूत देतात त्या इंजेक्शनचं पण तेच, कुणी सुचवलं तर आधी ॲप्नियाचा रिपोर्ट दाखवा आणि गिळण्यावर काय परिणाम होईल ते विचारा.

९. भूल द्यायची वेळ आली तर

काम खूप असेल आणि मूल बसतच नसेल तर पूर्ण भूल देऊन एकदाच सगळं करतात. छोट्या क्लिनिकमध्ये गुंगीचं औषध पाजून काम नको. लहान मुलांचे भूलतज्ज्ञ आणि आयसीयू असलेलं हॉस्पिटलच हवं. हृदय, मान, ॲप्निया, थायरॉइड या चारही गोष्टी भूलतज्ज्ञांना स्वतः तोंडाने सांगा, फाईल वाचली असेल असं गृहीत धरू नका. एकाच भुलेत कानाची तपासणी, रक्ताच्या टेस्ट पण उरकता येतात का ते विचारा.

१०. कधी वाट बघत थांबायचं नाही

एरवी दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी पुरते, किती महिन्यांनी ते हिरड्या बघून डॉक्टर ठरवतील. पण गार्डचा किंवा चावायच्या नळीचा तुकडा सापडत नसेल आणि मूल खोकतंय, लाळ गाळतंय, श्वासाला आवाज येतोय, तर १०८ ला फोन करा, एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून घरी परत येऊ नका. झोपेत ओठ निळे पडले तर तेच.

मान दुखणं, मान एका बाजूला धरणं, चालताना अचानक अडखळणं, हातातली ताकद कमी होणं, शी-शू वरचा ताबा जाणं, यातलं काहीही दिसलं तर दाताचं काम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चेहरा सुजला, ताप आला, जेवण सोडलं तर दातात पू असू शकतो, तेव्हाही त्याच दिवशी. आणि मोठ्या मुलाने किंवा तरुणाने आधी कधी दात खाल्ले नव्हते आणि एकदम सुरू केले, बोलणं कमी झालं, आवडीच्या गोष्टी सोडल्या, तर ‘वय वाढतंय’ म्हणून सोडून देऊ नका. तिसऱ्या पायरीपासून परत सुरुवात करा, आणि मन उदास झालंय का ते पण डॉक्टरांना विचारा.